नुसता प्लांट आणून होत नाही
इंडोनेशियानं 2020 पासून कच्चं निकेल बाहेर पाठवणं बंद केलं अन् कारखाने देशातच टाकायला लावले, खनिज बाहेर न पाठवता इथंच कारखाने टाकावेत, या तुमच्या लेखातला हा मुद्दा एकदम पटला. पण तिथल्या मोरोवाली या निकेलच्या पट्ट्यातले बरेचसे स्मेल्टर (खनिज वितळवून धातू काढायचे कारखाने) चिनी कंपन्यांच्या पैशावर अन् टेक्नॉलॉजीवर उभे आहेत, वीजही कोळशाचीच, हे पण यायला पाहिजे होतं. आमच्या गडचिरोलीतून सुरजागडचं लोहखनिज ट्रकच्या ट्रक भरून जाऊन राहिलं, रोडच्या कडेच्या धानावर लाल धूळ बसते, लोंबी चोळली का बोटं लाल. आमच्याच जिल्ह्यात कोनसरीला या खनिजावरचा प्लांट आला ते चांगलंच आहे, पण आयटीआय केलेल्या आमच्या पोरांना भट्टीवरचं काम शिकवणार का गेटवर गार्ड म्हणूनच उभं करणार, ते आधी सांगा ना भाऊ!