चाकांची मापं घ्यायची की यादीवरून मागवायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल मनापासून आभार. खालीच उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते लांबतच गेलं, म्हणून वेगळी पोस्ट टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दादा न्यू जर्सीत असतात, त्यांच्याकडे १९६७ ची कॅमेरो (शेव्हरलेची जुनी अमेरिकन स्पोर्ट्स गाडी) आहे आणि तिला १८ इंची चाकं लावायचीत. नवी चाकं मागवण्याआधी गाडीची मापं घ्या असं मी कायम सांगते, त्यावर त्यांचं म्हणणं असं की, “ताई, तुम्ही उगाच लोकांना टेप घेऊन गाडीखाली घालताय. वर्ष आणि मॉडेल टाकलं की कुठलीही साइट साइज सांगते. २७५/४० आर १८ ची उंची २४५/६० आर १५ एवढीच आहे, मग अडणार कुठे? आणि १५ इंचाचा हट्ट जुन्या लोकांनी करावा, त्यात आता धड टायर तरी मिळतात का?”

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरंचसं बरोबर आहे आणि त्यावर मी येतेच. पण उंचीचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात पैसे जातात.

हिशोब तुमचा चोख आहे. २४५/६० आर १५ म्हणजे टायरची रुंदी २४५ मिमी, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) रुंदीच्या ६०%, म्हणजे १४७ मिमी, दोन्ही बाजूंचे २९४, त्यात १५ इंचाचे ३८१ मिळवले की ६७५ मिमी. २७५/४० आर १८ चे साइडवॉल ११०, दोन्ही मिळून २२०, अधिक ४५७, म्हणजे ६७७. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे काहीच नाही. पण मागच्या चाकाला कॅमेरोत अडचण येते ती रुंदीची. आतल्या बाजूला पाटे (लीफ स्प्रिंग) आणि व्हील-हाऊसचा, म्हणजे चाकाच्या खोबणीचा पत्रा, बाहेरच्या बाजूला क्वार्टर पॅनलची (मागच्या चाकावरच्या बाहेरच्या पत्र्याची) आत वळवलेली कड, या दोघांच्या मधे टायर बसवायचा असतो. तुमच्या ६७ ला कारखान्यातून साध्या मॉडेलवर काय यायचं आठवा, १४x५ चं चाक आणि ७.३५-१४ चा टायर! एसएस मॉडेलला १४x६ वर डी७०-१४ टायर. झेड/२८ मॉडेलला १५ इंची चाक होतं पण तेही ६ इंचच रुंद. म्हणजे ती जागा साधारण साडेसात इंची टायर धरून आखलेली आहे आणि तुम्ही तिथे पावणेअकरा इंची टायर घालायला निघालात. बसत नाहीच असं मी म्हणत नाहीये, घालणारे घालतात, पण मग पाव-पाव इंचाचा हिशोब ठेवावा लागतो.

आता तुमच्याच चाकांवर करून बघू. तुम्ही लिहिलंय १८x९, बॅकस्पेसिंग साडेपाच इंच. बॅकस्पेसिंग म्हणजे चाक जिथे ड्रमला टेकतं तिथपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर. आणि रिमची रुंदी टायर जिथे बसतो तिथे मोजतात, म्हणून कडा धरून ९ इंची चाक प्रत्यक्षात साधारण १० इंच भरतं, हे खूप जणांच्या लक्षातच येत नाही. म्हणजे आत साडेपाच, बाहेर साडेचार. याच्या शेजारी १५x८, साडेचार बॅकस्पेसिंगचं चाक ठेवा, एकूण ९ इंच, आत साडेचार आणि बाहेरही साडेचार. बाहेरून दोन्ही सारखीच दिसणार, तुमच्या चाकाची सगळी जास्तीची रुंदी आत गेली. टायरसकट धरलं तर २४५ च्या तुलनेत तुमचा २७५ बाहेर जेमतेम २ मिमी सरकतो आणि आत पाट्यांकडे जवळपास २८ मिमी. तुमच्या गाडीत आत तेवढी जागा आहे का? याचं उत्तर कुठल्याच साइटकडे नाही.

नसण्याचं कारणही सांगते. साइटवरची यादी १९६७ साली कारखान्यातून निघालेल्या गाडीची असते, आणि तशी गाडी आज कितीजणांकडे आहे? ६७ ला मूळचा एकपानी पाटा असायचा, तो बदलून बऱ्याच जणांनी नंतर मल्टी-लीफ (अनेक पानांचे) टाकले. मागचा एक्सल कुणी तरी कधी तरी बदललेला असतो, वेगळ्या गाडीचा किंवा फोर्डचा ९ इंची कापून बसवलेला, आणि त्याची रुंदी मूळच्याएवढीच असेल असं नाही. पुढे ड्रम काढून डिस्कचं किट लावलं असेल तर बरीच किट चाकाला थोडं बाहेर ढकलतात. क्वार्टर पॅनल गंजून नवीन वेल्ड केलं असेल तर वेल्ड करणाऱ्याने ते कसं बसवलं त्यावर कडेची जागा ठरते. माझ्या ६९ ला डावीकडे उजवीकडच्यापेक्षा जवळपास पाव इंच जागा कमी आहे, आणि जुन्या गाड्यांत हे अगदी नेहमीचं आहे, म्हणून मी कायम दोन्ही बाजू मोजा म्हणते. त्यात ६९ ला बाहेरचा पत्राच नवीन होता, तेव्हा “पहिल्या पिढीची कॅमेरो” असा एकच खाना करून दिलेला साइज तर अजिबात धरू नका.

मोजायला अर्धा तास पुरतो हो. मागची चाकं काढायची पण स्टँड बॉडीखाली लावायचे नाहीत, एक्सलखाली लावायचे, म्हणजे पाट्यांवर गाडीचं वजन राहतं आणि सगळं रस्त्यावर असतं त्याच उंचीला येतं. ड्रमच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने घासून टाका, त्यावर एक सरळ पट्टी उभी धरा, आणि तिथून आत जे सगळ्यात जवळ असेल तिथपर्यंत आणि बाहेर कडेच्या आतल्या टोकापर्यंत टेप लावा. दोन्हीकडे अर्धा इंच सोडून उरेल ती तुमची जागा. पाट्यांवरची गाडी वळणावर एक्सलसकट आडवी थोडी सरकते, म्हणून हा अर्धा इंच मी कुणालाच खाऊ देत नाही. शंका असेल तर कडेच्या आतून मुलांच्या खेळातल्या क्लेचा जाड थर चिकटवा, मागे दोन माणसं बसवा आणि स्पीड ब्रेकरवरून हळू एक चक्कर मारा. क्लेवर टायरचा ठसा उठला तर तिथे पत्रा लागणारच. गाडी एकटं चालवताना हे कधीच कळत नाही, कळतं ते पाहुणे मागे बसल्यावर, टायरच्या खांद्यावर गोल चर पडलेला दिसतो तेव्हा. आणि तो चर साइडवॉलपर्यंत उतरला तर हायवेवर टायर फुटतो. यासाठीच मी लोकांना टेप घेऊन गाडीखाली घालते दादा, दुसरं काही नाही.

पुढच्या चाकांना रुंदी थोडी कमी ठेवा, आणि अलाइनमेंट आधी करून मगच मापं घ्या. ही गाडी बायस-प्लाय (जुन्या धाटणीच्या, तिरक्या थरांच्या) टायरच्या जमान्यातली, तेव्हाच्या सेटिंगवर आजचे रेडियल टायर धड सरळ धावत नाहीत, कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) वाढवावाच लागतो, आणि कॅस्टर किंवा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलला की चाकाची जागाही हलते. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, नुसतं सरळ उभं करून नाही.

बीएमडब्ल्यूची ५x१२० ची (१२० मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट) चाकं स्वस्तात मिळतायत असंही तुम्ही लिहिलंय. प्लीज नको. आपला बोल्ट पॅटर्न ५ x ४.७५ इंच, म्हणजे १२०.६५ मिमी. ‘अर्धा-पाऊण मिमीने काय होतं’ म्हणणारे भेटतील, पण मग नट पूर्ण सीटवर बसत नाही, स्टडवर (चाक धरणाऱ्या बोल्टवर) तिरका ताण येतो, आणि आपले स्टड ७/१६ इंचाचे, आधीच बारीक. शिवाय त्या चाकांचा ऑफसेट असा असतो की चाक फार आत जातं, मग मधे स्पेसर (जाड चकती) लावावाच लागेल. चाक आणि गाडी यांच्या मधे जितक्या कमी गोष्टी तितकं चांगलं.

आता १५ विरुद्ध १८. १५ इंचात चांगले टायर कमी झालेत, १००% मान्य. पांढऱ्या अक्षरांचे जे रेडियल सगळे लावतात त्यांचं स्पीड रेटिंग एस, म्हणजे ताशी १८० किमी, आणि त्यांची पकड आजच्या १७-१८ इंची स्पोर्ट टायरच्या जवळपासही येत नाही. तुम्ही पुढे १३ इंची डिस्क टाकणार असाल तर १७ शिवाय गत्यंतरच नाही, कॅलिपर १५ च्या रिममधे मावत नाही. ऑटोक्रॉसला, ट्रॅकला जायचं असेल तर बिनधास्त १८ लावा, मी स्वतः सांगेन. पण रविवारी एक फेरी आणि एरवी गॅरेजमधे, असा वापर असेल तर २४५/६० चा जाड साइडवॉल खड्ड्यांत रिम वाचवतो, आणि कॅमेरोच्या त्या कमानीत काळं रबर जास्त आणि चकाकी कमी दिसली की गाडी भरदार दिसते. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं, गाडी तुमची आहे.

चाकं अजून मागवली नसतील तर थांबा. एकदा टायर चढवला की चाक सहसा कुणी परत घेत नाही. मला मागच्या दोन्ही बाजूंची आतली-बाहेरची मापं कमेंटमधे टाका, एक्सल मूळचा आहे की बदललेला, पाटे एकपानी की मल्टी-लीफ आणि पुढे डिस्क कुठली तेही लिहा. गाडी खाली बसवायचा विचार असेल तर तसं सांगा, मग मापं त्या उंचीला घ्यावी लागतील. त्यावरून ९ इंची चाकाला नेमकं किती बॅकस्पेसिंग हवं ते मी काढून देते, आणि २७५ बसत नसेल तर २५५ पर्यंत कुठे जाता येईल तेही बघू.