बी1 ची धास्ती नको

ब्रिटनमध्ये जोडीदाराला कायमच्या वास्तव्यासाठी बी1 पातळीचं, म्हणजे मध्यम दर्जाचं इंग्रजी लागतं, असं या विषयावरच्या एका लेखात वाचलं. ते बरोबरच आहे. पण ते वाचून बरेच जण उगाच धसका घेतील. त्यासाठी ‘आयईएलटीएस लाइफ स्किल्स’ ही इंग्रजी बोलण्या-ऐकण्याची परीक्षा चालते, आणि तीत लिहिण्या-वाचण्याचा पेपरच नसतो. समोर परीक्षक, शेजारी दुसरा उमेदवार, त्याच्याशीही गप्पा मारायच्या. माझ्या वहिनीचं बी.ए. मराठी माध्यमातलं. दुकानात, बसमध्ये बोलून बोलूनच तिची भीड चेपली. खरा अभ्यास लागतो तो ‘लाइफ इन द यूके’ला, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठीच लागणाऱ्या, ब्रिटनच्या इतिहासावरच्या आणि जीवनावरच्या परीक्षेला! 45 मिनिटांत 24 प्रश्न, त्यातले 18 बरोबर यायलाच हवेत, आणि इतिहासाच्या सनावळ्या डोक्यात राहता राहत नाहीत. नवरेमंडळींनो, घरी रोज थोडं बायकोशी इंग्रजीत बोला, चुकली तर हसू नका.