व्हिक्सबर्ग नेमके कोणी जिंकले?

जुलैचा पहिला आठवडा आला की अमेरिकेच्या यादवी युद्धावरचे लेख आणि चित्रफिती पुन्हा फिरू लागतात, आणि त्यांतल्या बहुतेक गेटिसबर्गच्या असतात. त्यात नवल नाही. १ ते ३ जुलै १८६३ अशी तीन दिवसांची लढाई, शेवटच्या दुपारचा तो आत्मघातकी हल्ला आणि चार महिन्यांनी त्याच जागी लिंकन यांनी केलेले भाषण, इतके सगळे एका ठिकाणी असल्यावर दुसरीकडे लक्ष जाणार कसे? परंतु गेटिसबर्गच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, तेथून कितीतरी दूर मिसिसिपी नदीकाठचे व्हिक्सबर्ग हे गाव दक्षिणेच्या, म्हणजे फुटून निघालेल्या गुलामधारी राज्यांच्या, हातून गेले, आणि युद्धाचा निकाल माझ्या मते तेथे लागला. गेटिसबर्गला हरलेले दक्षिणेचे सेनापती ली यांचे सैन्य माघारी गेले आणि पुढे पावणेदोन वर्षे लढत राहिले. व्हिक्सबर्गला २९ हजारांहून अधिक सैनिक आणि १७२ तोफा यांसह एक अख्खे सैन्यच शत्रूच्या स्वाधीन झाले, आणि दक्षिणेचे राज्य मधोमध चिरले गेले.

हे मत नवे नाही. युद्धशास्त्राचे अनेक अभ्यासक तेच सांगतात. माझी तक्रार वेगळी आहे. व्हिक्सबर्गची हकिगत एकतर ते जिंकणाऱ्या उत्तरेच्या ग्रँट यांच्या सेनापतित्वाची गाथा म्हणून सांगितली जाते, नाहीतर गुहांत राहून खेचराचे मांस खाणाऱ्या गोऱ्या कुटुंबांच्या हालअपेष्टांची म्हणून. ज्यांच्या गुलामगिरीवरून युद्ध पेटले, ते कृष्णवर्णीय लोक या दोन्ही सांगण्यांत कोपऱ्यात उभे असतात. प्रत्यक्षात ते या लढाईत पावलोपावली आहेत.

आधी गावाविषयी. व्हिक्सबर्ग हे जेमतेम साडेचार-पाच हजार वस्तीचे, कापसाच्या व्यापारावर पोसलेले गाव. ते उंच कड्यावर वसलेले, आणि कड्याच्या पायथ्याशी नदीने केसाच्या आकड्यासारखे वळण घेतलेले. वरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला त्या वळणावर वेग कमी करावा लागे आणि नेमकी तेव्हाच ती कड्यावरच्या तोफांच्या तोंडी येई. एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स आणि जूनमध्ये मेम्फिस उत्तरेने घेतले, तेव्हा व्हिक्सबर्ग आणि दक्षिणेकडचे पोर्ट हडसन यांच्यामधला नदीचा पट्टा एवढाच काय तो दक्षिणेकडे उरला. टेक्सासची गुरे, लुइझियानाचे मीठ आणि मेक्सिकोमार्गे येणारा माल याच पट्ट्यातून पूर्वेकडे जाई. गंमत अशी की या गावाला फुटून निघण्याची फारशी हौस नव्हती. नदी बंद झाली तर आपला व्यापार बुडेल हे तेथल्या व्यापाऱ्यांना कळत होते, आणि डिसेंबर १८६० मध्ये या परगण्याने राज्याच्या अधिवेशनात फुटीबाबत सबुरीची भूमिका घेणारे प्रतिनिधी निवडून पाठवले होते. मिसिसिपी राज्य मात्र फुटले. त्या राज्याच्या लोकसंख्येत १८६० साली सुमारे ५५ टक्के लोक गुलाम होते, हा आकडा समोर ठेवला की युद्ध ‘राज्यांच्या हक्कांसाठी’ झाले या युक्तिवादावर फार वेळ घालवावासा वाटत नाही.

किल्ल्यांच्या वेढ्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही: वेढ्याचा निकाल तटावर लागत नाही, रसदेच्या वाटेवर लागतो. ग्रँट यांना ती वाट सापडायला सहा महिने लागले. डिसेंबर १८६२ मध्ये त्यांचा होली स्प्रिंग्ज येथील रसदेचा साठा दक्षिणेच्या घोडदळाने जाळला, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला चिकासॉ बायू येथील दलदलीतून कड्यावर चढू पाहणाऱ्या, ग्रँट यांच्या हाताखालचे सेनानी शर्मन यांच्या सुमारे पावणेदोन हजार माणसांची हानी झाली. (याच डिसेंबरमध्ये ग्रँट यांनी कापसाच्या चोरट्या व्यापाराचे खापर फोडून आपल्या हद्दीतील सगळ्या ज्यू लोकांना हाकलून देण्याचा लाजिरवाणा हुकूम काढला होता. लिंकन यांनी तो रद्द करायला लावला. ग्रँट यांना देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांनी तेवढे लक्षात ठेवावे.) पुढचा सबंध हिवाळा सैन्य पश्चिमेकडच्या चिखलात, बांधांवर तंबू ठोकून, तापाने आणि देवीने मरत राहिले. कोरडी जमीन तेवढीच असल्यामुळे माणसे राहत त्याच बांधांत त्यांना पुरले जाई. नदीचे वळण टाळण्यासाठी कालवा खणण्याचा खटाटोपही झाला. त्या कालव्यावर आधी १८६२ च्या उन्हाळ्यात आणि पुन्हा या हिवाळ्यात, सैनिकांबरोबर आसपासच्या मळ्यांतून आणलेले कृष्णवर्णीय मजूर राबले आणि मेले. कालवा फसला. जे काम हजारो फावड्यांना जमले नाही ते नदीने १८७६ मध्ये एका पुरात स्वतःच केले आणि व्हिक्सबर्गचा धक्का कोरडा पडला, हा पुढचा भाग.

१६ एप्रिल १८६३ च्या रात्री उत्तरेचे नौदल अधिकारी पोर्टर यांचे आरमार तोफांखालून निसटून खाली गेले. पलीकडच्या काठावरची घरे पेटवून दक्षिणेच्या सैनिकांनी नदी उजळवली, तरी फक्त एक वाहतूक बोट बुडाली. त्याच सुमारास उत्तरेचा ग्रीअर्सन हा एकेकाळचा संगीतशिक्षक, ज्याला लहानपणी घोड्याने लाथ मारल्यापासून घोड्यांचा तिटकारा होता, १७०० घोडेस्वार घेऊन मिसिसिपी राज्यातून रेल्वे उखडत आरपार गेला आणि व्हिक्सबर्ग राखणारे दक्षिणेचे सेनापती पेंबर्टन यांचे लक्ष तिकडे वळले. आता सैन्य पूर्व काठावर उतरवायचे होते. २९ एप्रिलला ग्रँड गल्फ येथील तोफांनी तो बेत उधळला. आणि येथे या मोहिमेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा माणूस येतो. एका कृष्णवर्णीय माणसाने ग्रँट यांना सांगितले की आणखी खाली ब्रुइन्सबर्गला उतरायला चांगली जागा आहे आणि तेथून पोर्ट गिब्सनकडे चांगला रस्ता जातो. ही माहिती ग्रँट यांनी स्वतःच आपल्या आठवणींत नोंदवली आहे. माणसाचे नाव त्यात नाही. नकाशे, हेर आणि आरमार असलेल्या सेनापतीला जे ठाऊक नव्हते ते त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला ठाऊक होते, आणि ३० एप्रिलला सैन्य त्याने सांगितलेल्या जागीच उतरले.

त्यानंतरचे सतरा दिवस युद्धशास्त्राच्या वर्गांत आजही शिकवले जातात, म्हणून मी ते थोडक्यात सांगतो. पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चॅम्पियन हिल आणि बिग ब्लॅक नदी, अशा पाच लढाया झाल्या आणि पाचही ग्रँट यांनी जिंकल्या. राज्याची राजधानी जॅक्सन घेऊन त्यांनी दक्षिणेचे सेनापती जॉन्स्टन यांची कुमक परस्पर तोडली. रसदेचे गाडे कमी होते, म्हणून त्यांनी मळ्यांवरची मिळतील ती वाहने गोळा करायला सांगितली. मळेवाल्यांच्या कुटुंबांना चर्चला नेणाऱ्या नक्षीदार बग्ग्या काडतुसांच्या पेट्यांनी काठोकाठ भरून, नांगराच्या दोऱ्यांनी जुंपलेल्या खेचरांनी ओढत निघाल्या. त्या मळ्यांची सत्ता संपल्याचे याहून स्पष्ट दृश्य मला दुसरे माहीत नाही.

पेंबर्टन यांची मला कीव येते. हा माणूस पेन्सिल्व्हेनियाचा, म्हणजे जन्माने उत्तरेचा; बायको व्हर्जिनियाची म्हणून दक्षिणेकडे आलेला, आणि त्याचे दोन भाऊ उत्तरेकडून लढत होते. दक्षिणेचे अध्यक्ष डेव्हिस सांगत, गाव सोडू नका. सेनापती जॉन्स्टन सांगत, गाव सोडा पण सैन्य वाचवा. त्यांनी दोघांचेही अर्धे अर्धे ऐकले आणि शेवटी गावात कोंडले गेले.

१९ आणि २२ मे रोजी ग्रँट यांनी तटबंदीवर थेट हल्ले केले. ते दोन्ही हल्ले फसले आणि २२ तारखेला तर ३ हजारांहून अधिक माणसे पडली. हल्ला फसणे मी समजू शकतो. परंतु मे महिन्याच्या उन्हात दोन्ही फळ्यांच्या मध्ये पडलेले जखमी आणि मृत २५ तारखेपर्यंत तसेच राहिले, आणि शेवटी पेंबर्टन यांच्या विनंतीवरून युद्धविराम झाला, हे मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

मग वेढा बसला. त्या टेकड्यांची माती लोएस नावाची, वाऱ्याने साचलेली, बारीक आणि अशी घट्ट की उभी कापली तरी ढासळत नाही. नदीतून आणि जमिनीवरून तोफगोळे पडू लागल्यावर लोकांनी तिच्यात गुहा खणल्या. कोणी गालिचे अंथरले, कोणी पलंग आणि आरसे नेले. गुहांतल्या जीवनाच्या आठवणी वाचताना एक गोष्ट सहज निसटते: त्या गुहा बहुतेक ठिकाणी गुलामांनी खणलेल्या आहेत आणि तोफा चालू असताना बाहेर चुलीवर जेवण करणारेही तेच आहेत. पीठ संपल्यावर चवळीच्या दळणाची भाकरी सैनिकांना दिली गेली. ती बाहेरून दगडासारखी आणि आतून कच्ची राही. मग खेचरांची पाळी आली. गावातले ‘डेली सिटिझन’ हे वर्तमानपत्र कागदाअभावी भिंतीला लावायच्या नक्षीच्या कागदाच्या पाठीवर छापले जाऊ लागले. ग्रँट यांची टर उडवणारा २ जुलैचा अंक जुळवलेल्या खिळ्यांसह उत्तरेच्या सैनिकांच्या हाती लागला, आणि त्यांनी खाली आपली टिपणी जोडून तोच पुन्हा छापला.

तटाखाली सुरुंगांचे काम चालू होते. २५ जूनला २२०० पौंड दारूने एक बुरूज उडवला गेला, १ जुलैला दुसरा. दुसऱ्या स्फोटाच्या वेळी दक्षिणेच्या बाजूने प्रतिसुरुंग खणायला काही गुलाम लावले होते. त्यांतले बहुतेक मेले. अब्राहम नावाचा एक जण हवेत उडून उत्तरेच्या खंदकांत पडला आणि जिवंत राहिला. किती उंच गेलास, असे विचारल्यावर त्याने तीन मैल सांगितल्याची गोष्ट ग्रँट यांच्यापासून सगळ्यांनी हसत सांगितली आहे. मला त्यात हसू येत नाही. ज्या तटामुळे आपण गुलाम राहणार तोच तट राखण्यासाठी त्याला जमिनीखाली उतरवले होते.

७ जूनला नदीपलीकडे मिलिकन्स बेंड येथे उत्तरेच्या छावणीवर टेक्सासच्या तुकडीने हल्ला केला. तेथले बहुतेक रक्षक काही आठवड्यांपूर्वीपर्यंत मळ्यांवर गुलाम होते. बंदूक त्यांच्या हाती नुकतीच आलेली, तीही जुनाट. संगिनींनी आणि बंदुकीच्या दस्त्यांनी ते हातघाईवर लढले, त्यांची भयंकर हानी झाली, आणि गनबोटींच्या मदतीने छावणी टिकली. कृष्णवर्णीय सैनिक लढतील का, ही उत्तरेच्या अधिकाऱ्यांची शंका त्या दिवसानंतर बरीच ओसरली.

सत्तेचाळीस दिवसांनी, ४ जुलैला, गाव शरण आले. राष्ट्रीय सणाच्या दिवशी बऱ्या अटी मिळतील असा पेंबर्टन यांचा हिशेब होता, आणि कैद्यांना पॅरोलवर, म्हणजे पुन्हा न लढण्याच्या वचनावर, सोडण्याची अट त्यांना मिळालीही. पाच दिवसांनी पोर्ट हडसन पडले. १३ जुलैला लिंकन यांनी ग्रँट यांना पत्र लिहून, या मोहिमेबाबत तुमचे बरोबर होते आणि माझे चुकले, असे स्वच्छ शब्दांत मान्य केले.

या युद्धाचे पडसाद आपल्याकडेही उमटले होते. अमेरिकेचा कापूस अडकल्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला मुंबईत सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंद यांच्या नावाने शेअरबाजार वर गेला, बॅक बे भरावाच्या कागदांवर लोकांनी घरेदारे लावली, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. मुंबईच्या पेढ्यांना त्या युद्धात भाव दिसला. जोतीराव फुल्यांना दुसरे काही दिसले: १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण करताना त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांची आठवण ठेवली. त्या काळी पुण्यात बसून त्या युद्धाचा मुद्दा इतका अचूक हेरणारा माणूस आपल्याकडे होता, याचा मला अभिमान वाटतो.

परंतु ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाल्यावर पुढच्याच वर्षी व्हिक्सबर्गला काय झाले ते पाहा. त्या परगण्याचे शेरीफ होते पीटर क्रॉसबी, एकेकाळी गुलाम असलेले आणि पुढे उत्तरेच्या सैन्यात भरती झालेले. डिसेंबर १८७४ मध्ये सशस्त्र गोऱ्या जमावाने त्यांना पदावरून हुसकावले आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गावाकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांची, व नंतर आसपासच्या वस्त्यांतील लोकांची, कत्तल केली. तेव्हा अध्यक्षपदी ग्रँटच होते. जानेवारी १८७५ मध्ये सैन्य आले आणि क्रॉसबी पुन्हा पदावर बसले. पण त्याच वर्षीच्या शरद ऋतूत, निवडणुकीआधी राज्यभर दहशत माजलेली असताना, गव्हर्नर एम्स यांनी मागितलेले सैन्य वॉशिंग्टनने पाठवले नाही. निवडणूक दहशतीने जिंकली गेली, आणि १८९० च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळपास संपवला.

म्हणून व्हिक्सबर्गची लढाई ४ जुलै १८६३ ला संपली असे लिहिणाऱ्यांशी माझे जुळत नाही. तेथल्या राष्ट्रीय दफनभूमीत उत्तरेचे सुमारे १७ हजार सैनिक आहेत, त्यांत ७ हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय आहेत, आणि १८९९ मध्ये स्थापन झालेल्या, शेकडो स्मारकांनी भरलेल्या त्या युद्धभूमी उद्यानात त्यांच्यासाठी पहिले स्मारक २००४ मध्ये उभे राहिले. ग्रँट यांनी चिखलात सहा महिने तग धरून जे मिळवले ते त्यांच्याच सरकारने १८७५ मध्ये एका शरद ऋतूत हातचे जाऊ दिले, आणि त्यांच्या सेनापतित्वाचे गोडवे गाणाऱ्या कोणत्याही लेखात हे दुसरे व्हिक्सबर्ग आलेच पाहिजे, असे माझे मत आहे.