न खेळता जिंकायचा खेळ

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. हिंसक व्हिडिओ गेमवर वाद घालायचा असेल, तर तो गेम खेळायचा नाही. खेळलेला माणूस वादात हमखास हरतो. तो मध्येच अडखळतो, "तसं नाही हो, पण त्या जागी पोचल्यावर जरा वेगळंच वाटतं" असं काहीतरी पुटपुटतो. 'जरा वेगळंच वाटतं' म्हणणाऱ्याला आजवर कुणी वाद जिंकू दिलेला नाही. तुम्ही ताज्या दमाचे, कोऱ्या पाटीचे आहात. तेच तुमचं भांडवल.

सरावाला 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' घ्या. यासारखं मैदान दुसरं मिळणार नाही. एली नावाची मुलगी, तिच्या डोळ्यांदेखत झालेला एक खून आणि त्याचा सूड घ्यायला तिने केलेला प्रवास, एवढीच गोष्ट. वाटेत जो आडवा येईल त्याला ती चाकूने, बंदुकीने, हाताला लागेल त्या लोखंडाने बाजूला करते. ती करते म्हणजे तुम्ही करता, पण त्यावर नंतर येऊ. खरं तर येऊच नये.

हा गेम १९ जून २०२० रोजी प्लेस्टेशन ४ वर आला. पुरा करायला साधारण पंचवीस तास लागतात. आणि ज्या दिवशी आला त्याच दिवशी मेटाक्रिटिकवर, म्हणजे समीक्षकांचे आणि खेळणाऱ्यांचे गुण एकत्र मांडणाऱ्या साइटवर, त्याला शून्य गुण देणाऱ्यांची हजारोंनी रीघ लागली. समीक्षकांनी शंभरात नव्वदच्या वर दिले होते. वाचक-खेळाडूंची सरासरी दहापैकी चाराच्याही खाली गेली. त्यावर उतारा म्हणून दुसऱ्या गटाने धडाधड दहापैकी दहा ठोकले. त्यांचाही गेम अर्थातच संपलेला नव्हता. या दोन्ही गटांना मनोमन नमस्कार करा, हेच आपले गुरू. महिनाभराने त्या साइटने नियम केला की गेम आल्यापासून छत्तीस तास कुणाला गुण देता येणार नाहीत. पंचवीस तास खेळ, अकरा तास जेवण, झोप आणि इतर विधी. कुणीतरी फार विचार करून हिशेब घातलेला दिसतो.

त्याच सुमारास या गेममधल्या अ‍ॅबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. का, तर अ‍ॅबीने गेममध्ये सगळ्यांच्या आवडत्या माणसाला मारलं. सुडाने माणसाचं काय होतं हे सांगायला एका स्टुडिओने काही वर्षं घालवली. धमकी देणाऱ्यांना तो मुद्दा समजला नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी प्रात्यक्षिक करून दाखवलं.

असो. आता बाजू निवडा. बाजू दोनच आहेत. एक, 'असल्या गेमांनी मुलं बिघडतात'. दोन, 'ही कला आहे, तुम्हाला कळत नाही'. कुठलीही घ्या, सामान तेच लागतं.

पहिली बाजू घेतलीत तर तुमच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये हिंसक गेमांवर सुनावणी झाली. आरोपीच्या पिंजऱ्यात 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप'. 'नाइट ट्रॅप'चा लौकिक असा झाला की हा मुलींवर हल्ले करायला लावणारा गेम आहे. खेळणाऱ्याचं काम होतं कॅमेऱ्यांवर नजर ठेवून हल्लेखोरांना सापळ्यात पकडणं आणि मुलींना वाचवणं. बघा, न खेळण्याने दृष्टी किती स्वच्छ राहते! 'असला गेम निन्टेंडोच्या यंत्रावर कधीही दिसणार नाही,' असं त्या कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याने तिथे ठणकावून सांगितलं. २०१८ मध्ये तो निन्टेंडो स्विचवर आला. कधीही म्हणजे पंचवीस वर्षं, एवढं लक्षात ठेवा, तुम्हालाही कधीतरी शब्द फिरवावा लागेल.

'मॉर्टल कॉम्बॅट'ची गंमत तर याहून मोठी. निन्टेंडोने आपल्या आवृत्तीत रक्त काढून टाकलं आणि त्या जागी करड्या रंगाचे थेंब उडवले. लोक त्याला घाम म्हणायचे. म्हणजे कुणी कुणाच्या थोबाडीत मारली की समोरच्याला दरदरून घाम फुटायचा. निन्टेंडोची प्रतिस्पर्धी असलेल्या सेगाच्या यंत्रावरही वरवर सगळं सोवळंच होतं, पण बटणं ठरावीक क्रमाने दाबली की रक्त यायचं. तो क्रम अर्थातच शाळकरी पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाला. खप कुणाचा जास्त झाला हे सांगायची गरज नाही.

या सगळ्यातून १९९४ मध्ये ईएसआरबी ही वयानुसार शिक्के मारणारी संस्था निघाली. आपल्या गेमवरही तिचा शिक्का आहे: सतरा आणि त्यापुढे. तुमच्या बाजूसाठी हा शिक्का जरा अडचणीचा आहे. बारा वर्षांच्या पोराच्या हातात तो डबा कसा आला, कुणाच्या पैशाने आला, हे कुणी विचारलं तर ताबडतोब 'आजकालचं वातावरण' हा शब्दप्रयोग करा. वातावरणाला खिसा नसतो.

शास्त्रीय आधार हवाच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१५ मध्ये ठराव केला की हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध दिसतो. २०२० मध्ये त्याच संस्थेने त्याच ठरावाला जोड दिली की प्रत्यक्षातल्या हिंसाचाराचं खापर गेमांवर फोडणं शास्त्राला धरून नाही. आता आक्रमक वागणं म्हणजे आरडाओरडा, ढकलाढकली असलंही काही, आणि हिंसाचार म्हणजे हिंसाचार. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. पण तुम्ही त्या फंदात पडू नका. एक ठराव उजव्या खिशात ठेवा, एक डाव्या. समोरचा कोण आहे ते पाहून हात घाला. चुकून दोन्ही एकदम बाहेर आले तर वाद संपेल, आणि मग संध्याकाळ कशी घालवायची?

दुसरी बाजू जास्त प्रतिष्ठेची आहे, पण तिला पाठांतर लागतं. पहिलं वाक्य: "हा हिंसेचा गेम नाही, हिंसेविषयीचा गेम आहे." हे कशालाही लावता येतं. दुसरं: "मग परीकथा बंद करा." इथे तुमच्या मदतीला थेट अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट येईल. अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा त्या कोर्टाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी निकालात ग्रिम बंधूंच्या कथाच काढल्या: सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे कबुतरं टोचून काढतात, हॅन्सेल आणि ग्रेटेल आपल्याला कोंडून ठेवणारीला भट्टीत भाजतात. दाखला बिनतोड आहे. फक्त भट्टीचं दार लोटायला गोष्ट ऐकणाऱ्या पोराला कुणी बटण दाबायला लावत नाही, हे मनात आलं तरी बोलू नका. (हे बटण सारखं मध्ये येतंय, क्षमस्व.)

तिसरा शब्द सगळ्यात जड: 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स'. २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग या गेमकर्त्याने तो काढला. अर्थ साधा आहे. गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करतात. गोष्टीतला नायक हसरा, दिलदार, बायकोवर जीव टाकणारा, आणि खेळताना तोच नायक जेवणाआधी दोनशे माणसं लोळवतो. नॉटी डॉग, म्हणजे आपला हा गेम करणारा स्टुडिओ, या टीकेचं कायमचं गिऱ्हाईक. त्यांनी २०१६ च्या 'अनचार्टेड ४' मध्ये हजार शत्रू मारणाऱ्याला एक ट्रॉफी ठेवली आणि तिचं नाव ठेवलं 'लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स'. याला म्हणतात कोडगेपणा. मला तो फार आवडतो. तुम्ही मात्र हा शब्द एकदाच वापरा, नीट उच्चार करून, आणि लगेच विषय बदला.

बाजू कुठलीही असो, पुराव्याला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पुरे. तो निवडताना एक खबरदारी घ्या: मारामारीचाच घ्या. कारण या गेममध्ये प्रत्यक्ष वेळ कशात जातो हे बाहेर फुटलं तर दोन्ही बाजूंची पंचाईत होईल. माणूस ड्रॉवर उघडत बसतो. ओसाड घरात शिरायचं, कपाट उघडायचं, रिकामं. पुढचं उघडायचं, चार चिंध्या. त्यापुढचं, चिकटपट्टी. तासन्‌तास. हिंसेचं व्यसन लागेल म्हणून धास्तावलेल्या आईबापांनी खरं तर बघायला हवं की पोरगं आपल्या घरचे ड्रॉवर कधी आवरायला लागतं. मध्येच एली गिटार घेऊन बसते आणि कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट फिरवून ती तुम्हालाच वाजवावी लागते. हे चाळीस सेकंदांत आणू नका, गोंधळ होतो.

अजून एक गोष्ट चुकूनही काढायची नाही. या गेममध्ये अपंगत्व असलेल्यांसाठी साठाहून जास्त सोयी आहेत: पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा आवाज, वाट दाखवणारे, धोक्याची सूचना देणारे ध्वनी. डोळ्यांनी अजिबात न दिसणाऱ्या खेळाडूंनी तो शेवटपर्यंत खेळलेला आहे. ही गोष्ट कुठल्याच बाजूच्या कामाची नाही. बोललात तर दोन मिनिटं सगळे गप्प होतील, आणि वादात गप्प होण्याइतकी अपमानास्पद गोष्ट दुसरी नाही.

एवढी तयारी असली की तुम्हाला कुणी हरवू शकत नाही. फक्त एक धोका राहतो: तुमच्यासमोर गेम खेळलेला माणूस येणं. तो ओळखायचा कसा? तो गुण सांगत नाही, प्रसंग सांगतो. तो म्हणेल, तुम्ही एका पहारेकऱ्याला गुपचूप मारता आणि लांबून त्याचा साथीदार त्याला नावाने हाक मारतो. म्हणेल, एक कुत्री तुमच्यावर झेपावते, तुम्ही तिला चाकूने मारता, आणि नंतर गेम तुम्हाला दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या जागी नेऊन बसवतो, तर तीच कुत्री, अ‍ॅलिस तिचं नाव, शेपटी हलवत तुमच्याशी खेळायला येते. असा माणूस दिसला की ताबडतोब "स्पॉयलर! स्पॉयलर!" असं ओरडा. गेमला कितीही वर्षं झालेली असोत, हे अस्त्र कायम चालतं.

मी स्वतः हा नियम पाळला नाही. कुतूहल वाईट. निम्मी वाट चालून गेल्यावर हॉस्पिटलच्या तळघरात नोरा नावाची एक बाई एलीच्या तावडीत सापडते. तिला माहीत आहे ते एलीला हवंय, आणि ती सांगत नाही. एलीच्या हातात लोखंडी पाइप. सगळीकडे लाल उजेड. कॅमेरा नोराकडे जातच नाही, एलीच्या चेहऱ्यावर थांबतो, आणि पडद्यावर कंट्रोलरच्या एका बटणाची, चौकोनाची खूण येते. चौकोन दाबा.

मी दाबला नाही. म्हटलं, बघू, आपोआप होईल. असल्या प्रसंगात बहुतेक गेम आपणहून पुढे सरकतात, नाहीतर 'हरलात' म्हणून मागे नेतात. हा काहीच करत नाही. मी कंट्रोलर टेबलावर ठेवला, उठलो, पाणी प्यायलो, उगाचच खिडकी लावली. परत आलो तर उजेड तसाच लाल, एली तशीच पाइप घेऊन श्वास टाकत उभी, आणि चौकोन तिथेच.

हा प्रसंग वादात मी आजवर एकदाच सांगितला. समोरचे गृहस्थ 'मुलं बिघडतात' गटातले होते, पूर्ण तयारीचे, दोन्ही खिसे भरलेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग? दाबलंत की नाही?"

"तीनदा," मी म्हटलं.