प्लॅटफॉर्म कुठला, म्हणे!

म्हापशाच्या एका काजू व्यापाऱ्याचं सॉफ्टवेअर लिहायचं काम आलंय. साठा, बिलं, जीएसटी, बास. शेटचा भाचा बंगळुरात असतो, त्याने फोनवरून फर्मान सोडलं: रिअ‍ॅक्ट, नोड (दोन्ही जावास्क्रिप्टवाले), क्लाउड, मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे एकाच प्रोग्रॅमचे सुटे सुटे तुकडे. अरे बाबा, वापरणार चार जण! त्यातला एक गोदामात. तिथे जून लागला की वीज जाते आणि नेट तिच्या मागोमाग.

मी म्हटलं, सी शार्प ही भाषा आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस, दुकानातल्याच मशीनवर. तर म्हणे, 'जुनाट वाटतं.' वाटू दे! उद्या मी आडवा झालो तर ते सांभाळणारा पणजीत दुसरा कुणी सापडायला नको?

आणि शेटच्या टेबलावर आज काय चालतंय? व्हिज्युअल बेसिक ६, मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रॅमिंगचं जुनं साधन. १९९८चं. २००८मध्ये त्याचा अधिकृत सपोर्ट संपला, तरी बिल डॉट मॅट्रिक्सवर टर्रर्र करत निघतंच आहे. उलट 'हेच भविष्य' म्हणून मी एकाला सिल्व्हरलाइटमध्ये (मायक्रोसॉफ्टचंच, ब्राउझरात चालणारं प्लगइन) करून दिलं होतं. ब्राउझरांनी आधी दार लावलं, २०२१मध्ये उरलासुरला सपोर्टही आटोपला. शिव्या मी खाल्ल्या.

पैशांचा हिशेब कसा ठेवणार, हे मात्र कुणी विचारत नाही. जावास्क्रिप्टच्या साध्या आकड्यांत ०.१ अधिक ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. सी शार्पमध्ये दशांश नेमके ठेवणारा 'डेसिमल' हा आकड्यांचा प्रकार आयता मिळतो. हे भाच्याला समजावत होतो, अर्धा तास. शेवटी म्हणाला, 'बरं, मग गो ही भाषा बघूया का?'