शिबिर झालं, फोटो आला, तपासलं कुणाला?

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट होते, शिबिर. बॅनर, हार, साहेबांचं भाषण, आणि ते संपेपर्यंत आलेल्या बायका भाकरी टाकायच्यात म्हणून निघालेल्या. मागे आमच्या भागातल्या एका उपकेंद्रात गेले होते, तपासणीच्या खोलीला कडीच नाही, सिस्टरने दोन खिळ्यांना चादर बांधलेली आणि बाहेर बाकावर गावातलेच पुरुष बीपी मोजायला बसलेले. कोण झोपेल हो तिथे टेबलावर? एक मावशी म्हणाल्या, "मला कायबी तरास नाय, उगं कशाला दाखवू?" आता त्रास नसतानाच दाखवायचं असतं, पण हे त्यांना निवांत बसून सांगितलंय कुणी?

राग याचा येतो की उत्तर आपल्याच मातीतून निघालंय. 1999 पासून उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखावर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला, मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलची आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं त्यात होती. 2009 ला निकाल आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो तो आहे का बघणारी) केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर! ॲसिटिक ॲसिड लावून नुसतं बघायची जी तपासणी, तिने तिथे तेवढा फरक पडला नाही (मुंबईच्या वस्त्यांत दर 2 वर्षांनी केली तेव्हा पडला, तेही खरं). आणि आपण अजून तेच ॲसिड, तीच चादर. 2019-21 च्या सरकारी सर्व्हेत देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत जेमतेम दोघींची या कॅन्सरची तपासणी झालेली.

एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो, घरी, दार लावून. डब्ल्यूएचओनेही याला होकार दिलाय. आशाताईने किट द्यायचं आणि परत न्यायचं, बस. किट महाग पडतं म्हणतात, मान्य, पण शिबिराचा मांडव काय फुकट येतो का? खरी मेख पुढे आहे, पॉझिटिव्ह आलेल्या बाईला जिल्ह्याला चकरा मारायला लावल्या की ती परत येत नाही, किंवा कुणीतरी "पिशवीच काढून टाका" सांगून मोकळं होतं. पिशवीच्या तोंडावरचा, कॅन्सर व्हायच्या आधीचा डाग जाळायचं छोटं यंत्र हातात धरून चालवता येतं, काही मिनिटांचं काम, ते तालुक्याला ठेवा ना.

आणि ऊसतोडीच्या गावात जानेवारीत शिबिर ठेवणाऱ्यांनो, टोळ्या दिवाळीच्या आसपास जातात त्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तारीख काढण्याआधी टोळीच्या मुकादमाला एक फोन तरी लावा.