तो अर्धा तास मिळणार कुठून?

आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांनी रोज अर्धा तास स्वतःसाठी काढावा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. पण तो अर्धा तास मिळणार कुठून, हेही लिहायला हवं होतं, ताई. इथे चोपड्याला आमच्या शेजारच्या वहिनी लकवा झालेल्या सासऱ्यांचं सगळं एकट्या करतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. सासऱ्यांच्या गोळ्यांसाठी मोबाईलमध्ये गजर लावलेला, आणि स्वतःची बीपीची गोळी संपली तरी आणणं होत नाही. विचारलं तर म्हणतात, "माले काय व्हयनं?" कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी ओट्याशी उभ्यानंच खातात.

नातेवाईक रविवारी येतात, चौकशी करतात, चहा घेऊन जातात. त्यापेक्षा चार तास आजाऱ्यापाशी बसा, औषध-पाणी बघा आणि सेवा करणाऱ्या बाईला आतल्या खोलीत दार लावून झोपू द्या. तिचीच कंबर धरली तर त्या माणसाला उचलणार कोण?

मन फारच खचलं असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.